माडाखालच्या मुंग्या

आत्माराम राऊताला साखरेचा आजार जडला तेव्हा पापडी गावातल्या चार माणसांना वाईट वाटलं आणि खुद्द आत्मारामाला अभिमान वाटला. ओट्यावर पाय पसरून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बड्या लोकांचा रोग हाय हा. मजुराला झालेला कधी ऐकलाय?" आत पानवेलीची पानं लावत बसलेली त्याची बायको नर्मदा ते ऐकायची आणि मनात म्हणायची, बडा कसला, खादाड मेला. पण हे मनातच. लग्नाला उभा जन्म होत आला होता आणि ह्या माणसाला काही सांगणं म्हणजे बावखलातल्या बेडकाला गप्प बसायला सांगणं, हे तिला पहिल्या वर्षातच कळून चुकलं होतं.

आत्मारामाची केळीची वाडी होती, वाडीला पाणी पुरवणारं बावखल, म्हणजे छोटं तळं होतं, चार-दोन ओळी पानवेलीच्या होत्या. वाडी चांगली पिकायची ती वाडवडिलांनी जमीन कसून ठेवली म्हणून. आत्मारामाची समजूत मात्र अशी, की केळीचं पान नुसतं बघून झाडाला काय हवं ते जगात त्याच्या एकट्यालाच कळतं. पान पिवळं दिसलं की खत, शेंडा वाकला की पाणी. त्यात एक झाड मेलं तर ते झाडच नादान होतं. आणि ज्याला झाडाचं कळतं त्याला स्वतःच्या देहाचं कळणार नाही का? असा त्याचा सरळ हिशोब होता.

त्याला दवाखान्यात नेलं ते नर्मदेनं, रोज पाण्याची कळशी रिकामी करून वर पुन्हा तहान तहान करू लागला म्हणून. फेबियन डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. काचेची एक नळी दिली, निळ्या औषधाची बाटली दिली. सकाळी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचे, रंग बदलतो तो बघायचा आणि दर महिन्याला येऊन सांगायचा. गोळी एकच, सकाळी न्याहारीच्या अगोदर. गोळी पोटात गेली की खाणं चुकवायचं नाही. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रंग कुठलाही दिसो, गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही की कमी करायची नाही.

हे चाललं असताना आत्माराम काय करत होता? तो डॉक्टरांना राजेळी केळं आणि तांबडी केळं ह्यांतला फरक समजावत होता. डॉक्टरांनी दोनदा थांबून बघितलं, मग नाइलाजानं नर्मदेकडे वळले आणि उरलेलं तिलाच सांगितलं. "बाई, हे महत्त्वाचं आहे. कधी ह्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, भलतंच बोलायला लागले, तर साखर उतरलीय असं समजा. आधी काहीतरी गोड द्या, मग मला बोलवा. नक्की काय झालंय ते कळत नसलं तरी गोडच द्या. वाढलेली साखर तासाभरात जीव घेत नाही, उतरलेली घेते."

नर्मदेला ते शेवटचं वाक्य चमत्कारिक वाटलं, म्हणून ते डोक्यात राहिलं.

घरी आल्यावर आत्मारामानं दोन कामं केली. पहिलं, साखर आणि गूळ घरातून हद्दपार केला, तोही चारचौघांच्या देखत, डबे अंगणात आणून, म्हणजे गावात बोलबाला व्हावा. त्या दिवसापासून नर्मदेच्याही नशिबी बिनसाखरेचा चहा आला. स्वतः आत्माराम मात्र वाडीत जाऊन केळीच्या आडोशाला पिकली केळी हाणायचा, आणि सालं बावखलात फेकली की पुरावा बुडाला असं समजायचा. सालं तरंगतात हे त्याला एवढी वर्षं वाडी करून ठाऊक नव्हतं.

दुसरं काम त्या काचेच्या नळीचं. "आता चुलीवर मूत शिजवू काय मी?" हा विनोद त्यानं आठवडाभर गावभर फिरवला. मग ती नळी देवघरात उदबत्ती लावायला ठेवली. निळ्या औषधाची बाटली कोनाड्यात गेली आणि तिच्यावर कोळिष्टकं धरली.

मग साखर बघायची कशी? तर मुंग्यांवरून. बावखलाच्या काठी एक जुना माड होता. सकाळी उठून आत्माराम त्याच्या बुंध्याशी लघवीला बसायचा आणि गोठ्यात चक्कर टाकून परत येऊन बघायचा, मुंग्या आल्या का. मुंग्या नसल्या तर गोळी नाही. थोड्या असल्या तर एक. रांग लागली तर दोन. असं मुंग्या होत्या की नव्हत्या बघून तो आपलं औषध ठरवू लागला. वर नर्मदेला म्हणायचा, "डॉक्टर लोक विलायतेत शिकून जे काढतात ते मना माडाखाली फुकटात दिसते."

नर्मदेला ह्याची इतकी किळस यायची, की तिनं शेजारच्या फ्लॉसीलासुद्धा हे सांगितलं नव्हतं, आणि फ्लॉसीला ती एरवी सगळं सांगायची. काय सांगायचं? आमचे हे सकाळी उठून काय बघतात ते? नवऱ्याची लाज ती बायकोची लाज, असंच वाढली होती ती. त्या लाजेचा तिला संताप यायचा, तरी ती लाज सुटत नव्हती.

कार्तिक लागला. निर्मळची जत्रा जवळ आली आणि घराघरात सुकेळ्यांची घाई सुरू झाली. पिकलेली राजेळी सोलायची, मांडवावर चटया टाकून उन्हात घालायची, रोज उलटायची, रात्री झाकायची. केळं आक्रसत जातं, सोनेरी होतं, त्याला मध सुटतो. जत्रेत राऊतांच्या सुकेळ्यांना नाव होतं, आणि ते नर्मदेच्या हाताचं होतं. आत्मारामाचं काम फक्त मांडव कुठे घालायचा ते बोट दाखवून सांगायचं. ह्या वर्षी जुन्या जागेवर चिकूची सावली येऊ लागली होती, म्हणून त्यानं बोट दाखवलं ते बावखलाच्या काठाकडे. माडाच्या अगदी शेजारी.

पुढे काय झालं ते सांगायला हवं का? सुकेळ्यांना मध सुटला आणि वाडीतल्या झाडून साऱ्या मुंग्या तिकडे लोटल्या. मांडवाच्या खांबांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तरी आल्या. माडावरून आल्या, माडाच्या मुळांतून आल्या. आणि आत्माराम सकाळी उठून ती काळी रांग बघून हादरला.

"साखर लय वाढलीय गो," तो म्हणाला आणि दोनाच्या तीन गोळ्या केल्या.

नर्मदेनं कपाळावर हात मारला. "अहो, मुंग्या सुकेळ्यांना आल्यात! मांडव कुठे घातलाय बघा जरा."

आत्मारामानं तिच्याकडे बघितलं ते कीव आल्यासारखं. "सुकेळ्यांची मुंगी वेगळी, साखरेची वेगळी. तुना नाय कळायचं."

तिनं गोळ्यांची बाटली लपवली, तर त्यानं घर डोक्यावर घेतलं. भाऊबंदांना ओट्यावर बोलावून, बायको मना औषध घेऊ देत नाय, माझ्या मरणावर टपलीय, असा कांगावा केला. तिनं बाटली आणून त्याच्या पुढ्यात आदळली. घे, किती घ्यायच्या त्या घे.

जत्रेची एकादशी उजाडली. आत्मारामाची एकादशी म्हणजे निर्जळी, आणि ती निर्जळी आहे हे वेशीपर्यंत कळलं पाहिजे. त्या दिवशी पहाटे त्यानं माडाखाली मुंग्या बघितल्या, तीन गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी चालत नाही म्हणून थुंकीबरोबर गिळल्या, आणि उपाशी पोटी ओट्यावर जाऊन बसला. गोळ्या घेतल्या हे नर्मदेला कळलं ते बाटली उघडी सापडली तेव्हा. "गोळी घेतलीत, आता पेज तरी घ्या," असं ती म्हणाली. तो म्हणाला, "एकादशीला पेज? तू काय मना नरकात धाडते?"

दुपार कलली तशी ओट्यावरची बडबड बदलली. आधी तो मोठ्यानं हसू लागला. मग चुलतभाऊ एकनाथाला, जो जत्रेसाठी रजा काढून आला होता, बैलाचं नाव घेऊन हाक मारू लागला. एकनाथाला त्यात काही वावगं दिसलं नाही ह्याचं नर्मदेला नवल वाटलं नाही. मग धोतर घामानं भिजलं, हात लटलट कापू लागले. नर्मदा बाहेर आली तेव्हा आत्माराम तिला "आये, आये" म्हणत होता आणि त्याचा हात बावखलाच्या पाण्यासारखा गार लागत होता.

"साखर वाढली!" एकनाथ ओरडला. मुंबईत एका ऑफिसात कारकून होता तो, आणि टेबलाशी बसणाऱ्याला वैद्यकातलं कळतं अशी त्याची श्रद्धा होती. "आमच्या हेडक्लार्कचं असंच झालं होतं. वैनी, कारली आणा. कारल्याचा रस पाजा. आणि गोड काय जवळ पन आणू नका. साखरेच्या मानसाला साखर म्हणजे विष!"

कुंपणापाशी आलेल्या फ्लॉसीला नर्मदेनं ओरडून सांगितलं, "पास्कलला सायकलवर पाठव, फेबियन डॉक्टरांना घेऊन येऊ दे." फ्लॉसी नवऱ्याला हाका मारत पळाली. डॉक्टर येईपर्यंत जे काय करायचं ते नर्मदेलाच करायचं होतं.

ती उभी राहिली. खरं सांगायचं तर ती घाबरली. डॉक्टर काय म्हणाले होते? उतरलेली की वाढलेली? एकनाथ विष विष करून ओरडत होता, आणि गोड दिलं आणि हा माणूस मेला, तर सारा गाव म्हणेल की हिनंच घातलं. ओट्यावर कांगावा करून तसं आधीच सांगून ठेवलं होतं ना ह्यानं. आणि तेवढ्यात आणखी एक विचार आला, तो तिनं पुढे कधी कोणाला सांगितला नाही. काहीच करू नये. कारली आणायला म्हणून आत जावं आणि सावकाश यावं. साखर घालून चहा प्यावा. किती निवांत असेल हे घर.

मग त्यानं पुन्हा "आये" म्हटलं आणि तिला स्वतःचाच राग आला. मरायचं तर माणसासारखा मर रे, मुंग्यांच्या सांगण्यावरून काय मरतोस! आणि ते चमत्कारिक वाक्य लख्ख आठवलं. कळत नसलं तरी गोडच द्या.

घरात साखरेचा कण नव्हता, ह्याच शहाण्याच्या कृपेनं. ती मांडवाकडे धावली. हाताला लागली ती चार ओलसर सुकेळी घेतली, चटईवर साठलेला मध बोटांनी ओरपून वाटीत घेतला. मुंग्या झटकायला वेळ नव्हता. गरम पाण्यात सुकेळी कुस्करली, एकनाथाला आणि त्याच्या कारल्यांना कोपरानं बाजूला सारलं, आत्मारामाला भिंतीशी टेकवून बसवलं आणि आधी तो मध त्याच्या गालाच्या आत चोळला.

"वैनी! मारताय त्याला!" एकनाथ किंचाळला.

"गप बसा भावजी! नायतर दुसरी वाटी तुमच्या घशात ओतीन."

आत्मारामानं तिचं बोट चावलं. तिनं हात काढला नाही. जिभेला गोड लागल्यावर तो चाटू लागला, मग तिनं वाटी ओठाला लावली. एक घोट दिला, गिळला का ते घशाकडे बघून ठरवलं, मग दुसरा. वाटी संपली. तिच्या बोटातून रक्त येत होतं आणि तिचे ओठ न कळत हलत होते. ती काय पुटपुटत होती? देवाचं नाव की शिव्या, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हळूहळू घाम ओसरला. आत्मारामानं डोळे उघडले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्याच्या ओठावरून एक मुंगी चालली होती. त्यानं जीभ फिरवली, चव घेतली आणि पहिलं वाक्य बोलला ते हे,

"एकादशी मोडलीस माझी!"

फेबियन डॉक्टर आले, त्यांनी शिरेत ग्लुकोज दिलं. किती गोळ्या घेतल्या विचारल्यावर आत्माराम म्हणाला, "एकच." नर्मदा म्हणाली, "तीन. आणि पोटात पाणीपन नाय." का तीन, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र तिनं पदर तोंडाला लावला. ते तिच्यानं सांगवलं नाही. डॉक्टर चिडले, पण आवाज चढवला नाही. "शुद्धीवर आले म्हणजे संपलं नाही. ह्या गोळीचा जोर टिकतो. उद्यापर्यंत ह्यांना थोडं थोडं खायला देत राहा, एकटं सोडू नका. आणि ह्यापुढे गोळी एकच, जेवणाशी बांधलेली. उपास करायचा असेल तर आधी मला येऊन विचारायचं. बाई, तुम्ही गोड दिलं नसतं तर मी येऊन उपयोग नव्हता."

हे एकनाथाच्या समोर झालं. त्यावर तो म्हणाला, "मी तेच सांगत होतो."

एवढ्यावर शहाणा माणूस सुधारला असता. आत्माराम दोन दिवस अंथरुणात पडून विचार करत होता तो वेगळाच. आपण घाम येऊन, "आये आये" करत, बायकोच्या हातची मुंग्यांची सुकेळी चाटत होतो, हे गावाला कळलं तर? तिसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन त्यानं सांगितलं, की निर्जळी उपासाच्या जोरावर आपल्याला त्या दुपारी, ज्यांची जत्रा भरते त्या निर्मळच्या स्वामींचं दर्शन झालं. पांढरा उजेड, उजेडात पादुका. एकनाथ शनिवारी मुंबईहून आला आणि त्यानं साक्ष दिली, की दादाचं अंग गार झालं होतं आणि तोंडावर तेज होतं. ते तेज केळ्याच्या मधाचं होतं, पण हे कोण सांगणार? लोक येऊ लागले, नारळ येऊ लागले. एका बाईनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि त्यानं ठेवू दिलं. नर्मदा आलेल्यांना चहा देत होती, बिनसाखरेचा, आणि ज्या माणसाची तिनं जन्मभर अब्रू राखली तो दारात देव होऊन बसला होता.

पुढच्या एकादशीला दर्शन पुन्हा होणार, अशी हूल एकनाथानं उठवली. सकाळीच अंगणात माणसं जमली. आत्माराम आंघोळ करून, गंध लावून पाटावर बसला. नर्मदा मागच्या दारी गेली, तिनं माडाचा बुंधा बघितला. ताजी ओल होती आणि मुंग्यांची रांग होती. मांडव अजून तिथेच होता ना! घरात येऊन बाटली हलवली. बाटली हलकी लागली.

ह्या वेळी फेबियन डॉक्टर घरी नव्हते, दोन दिवस बाहेरगावी होते, हे फ्लॉसीनं कालच सांगितलं होतं. समोर माणसं होती. एवढ्या माणसांच्या देखत हा माणूस मेला असता, पण घास घेतला नसता. लोक म्हणाले असते, स्वामींनी नेला.

तिनं तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी ताटात वाढली, ताट घेऊन अंगणात आली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढे ठेवलं.

"वैनी, एकादशी हाय!" एकनाथ म्हणाला.

नर्मदेनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती नवऱ्याच्या पाया पडल्यासारखी वाकली. लोकांना वाटलं, काय ही भक्ती. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"गोळ्या घेतल्यात तुम्ही. आता खा. नाय खाल्लं तर ह्या सगळ्यांना माडाखाली नेते आणि तुम्ही रोज सकाळी तटे काय बघता ते दाखवते. ज्या बाईनं तुमच्या पायांवर डोकं ठेवलं, तिला आधी नेते."

आत्मारामानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती नेणार होती. जन्मभरात पहिल्यांदा त्याला बायकोचं बोलणं पूर्ण ऐकू आलं. डॉक्टरांचं सांगणं त्याला कळलं नव्हतं, तिचं जीव तोडून धावणं कळलं नव्हतं, लाज मात्र लगेच कळली. कपाळावर घाम यायला सुरुवात झालीच होती. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

"दादा!" एकनाथ जवळजवळ रडला.

आत्मारामानं घास गिळला, लोकांकडे बघितलं आणि खोल आवाजात म्हणाला, "आज्ञा हाय. पहाटे स्वामी सपनात आले. बोलले, आत्मारामा, ज्या दिवशी औषध घेशील त्या दिवशी उपाशी राहशील तर तो माझा अपमान."

अंगणात कुजबुज झाली. मग एका म्हाताऱ्यानं हात जोडले. त्या बाईनं ह्या खेपेला भाकरीच्या ताटाला नमस्कार केला. नर्मदा आत गेली, चुलीशी बसली आणि तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि ह्या माणसासाठी रडू यावं ह्याची तिला भयंकर चीड आली.

दिवसभर ती त्याला पाजत-खाऊ घालत राहिली आणि तो आज्ञाधारक भक्तासारखा खात राहिला. गोळ्यांची बाटली त्या दिवसापासून तिच्या कमरेच्या पिशवीत गेली. देवघरातली काचेची नळी तिनं घासूनपुसून काढली. मांडव तिनं स्वतः उभं राहून हलवून घेतला.

तिन्हीसांजेला आत्माराम ओट्यावर एकटाच बसला होता. संध्याकाळपर्यंत ते स्वप्न त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. नर्मदा ताट घेऊन आली तेव्हा त्यानं तिच्याकडे मोठ्या मनानं बघितलं.

"वाईट नको वाटून घेऊ गो," तो म्हणाला. "स्वामी माझ्याशी बोलतात, तुझ्याशी नाय बोलत. ज्याचं त्याचं नशीब."

"नाय बोलत खरं," नर्मदा म्हणाली आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. "उद्या गोळीबरोबर भाकरी करू की पेज, तेवढं त्यांना विचारून ठेवा."